उत्तर हवंय : मानकं, मार्क आणि प्रमाणपत्रं

प्रश्न : रबाळे एमआयडीसीत आम्ही ९ वॉटचे एलईडी बल्ब जोडतो. ड्रायव्हर (बल्बमधलं वीज नियंत्रित करणारं सर्किट) पुरवणारा म्हणतो, त्याच्याकडे बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरो) आर-नंबर, म्हणजे नोंदणी क्रमांक आहे, आम्हाला वेगळी नोंदणी लागत नाही. खात्रीसाठी नमुने लॅबमध्ये दिले, तर कॅप आणि इन्सुलेशन दोन्हींत नापास. काय चुकलं असेल?

उत्तर : त्याचा नंबर त्याच्या ड्रायव्हरपुरता. बल्ब हे वेगळं उत्पादन आहे आणि त्याला आयएस १६१०२ भाग १ हे सुरक्षेचं भारतीय मानक लागू होतं. ही नोंदणी तुमच्या कारखान्याच्या पत्त्यावर आणि ब्रँडवर मिळते. उद्या गाळा महापेला हलवलात, तर जुना नंबर सोबत येत नाही. पुरवठादाराचा नंबरही ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर टाकून पाहा. नंबर खरा पण पत्ता किंवा ब्रँड दुसऱ्याचाच, असं सर्रास आढळतं.

आता नापासाकडे. बी२२ कॅपला (होल्डरमध्ये अडकणारी दोन पिनांची टोपी) ३ न्यूटन-मीटर पीळ देतात, तेवढ्यात ती बॉडीवर फिरता कामा नये. फिरते ती बहुधा कॅप बॉडीला दाबून पक्की करणारा पंच उथळ बसल्यामुळे किंवा बॉडीची मान कॅपपेक्षा बारीक असल्यामुळे. नुसत्या चिकटवणीवर भिस्त असेल तर ती पूर्ण सुकण्याआधी माल पॅक होतो. टॉर्क रेंचला (पीळ मोजणारा पाना) बी२२ होल्डरचा जिग, म्हणजे पकड, लावून घ्या आणि दर लॉटमधले काही बल्ब पॅकिंगआधी पिळून बघा.

इन्सुलेशनसाठी बल्ब ४८ तास ९१ ते ९५ टक्के आर्द्रतेत ठेवतात, मग ५०० व्होल्ट डीसी देऊन रोध मोजतात. तो ४ मेगाओहमच्या खाली नको. इथे पहिला संशय सोल्डरिंगनंतर न पुसलेल्या फ्लक्सवर (सोल्डर नीट धरावं म्हणून लावलेलं रसायन) घ्यावा. कोरडा असताना तो गप्प असतो, ओलावा शोषला की गळती सुरू. दुसरा संशय बल्बच्या बॉडीतल्या अ‍ॅल्युमिनियमच्या कापलेल्या कडेवर. तिची धार वरचं पातळ प्लास्टिक कापते. ठाण्या-नवी मुंबईत जुलैमध्ये शॉपफ्लोअरवरच हवा दमट असते, त्यामुळे उन्हाळ्यात पास झालेली बॅच पावसाळ्यात नापास होऊ शकते.

आणखी एक. नमुना पास झाल्यावर दिवाळीच्या गर्दीत ड्रायव्हर बदलू नका. चाचणीच्या वेळी सुट्या भागांची जी यादी दिली, तीच तुमची नोंदणी. बीआयएस बाजारातून माल उचलून तपासते, आणि स्वस्त ड्रायव्हर तिथेच पकडला जातो.

प्रश्न : वाशीच्या मसाला मार्केटमधून मिरची घेऊन पूड जर्मनीला पाठवतो. इथला अफ्लाटॉक्सिनचा (बुरशीतून तयार होणारं विष) रिपोर्ट ‘पास’, तरी खरेदीदार माल नाकारतो.

उत्तर : पास कोणत्या मर्यादेला, ते आधी वाचा. आपल्याकडे मसाल्यांत एकूण अफ्लाटॉक्सिन किलोला ३० मायक्रोग्रॅमपर्यंत चालतं. युरोपीय संघात मिरचीला ही मर्यादा १०, त्यातही बी१ हा प्रकार ५ च्या आत. समजा तुमचा रिपोर्ट १८ चा असेल, तर तो इथे पास, तिथे नापास, आणि दोन्ही लॅब बरोबर!

दुसरं, विष पोत्यात सारखं पसरलेलं नसतं, थोड्याच बुरसटलेल्या मिरच्यांत एकवटलेलं असतं. वरच्या एका पोत्यातून मूठभर काढलेला नमुना म्हणून फसवतो. थप्पीच्या सगळ्या थरांतल्या बऱ्याच पोत्यांतून प्रत्येकी साधारण १०० ग्रॅम काढा, एकत्र करा, सगळं दळा आणि मगच त्यातून लॅबचा भाग वेगळा करा. लॅबची एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता अफ्लाटॉक्सिनसाठी आहे ना, तेही बघा. मान्यता लॅबला सरसकट नसते, चाचणीवार असते. स्पायसेस बोर्डाची प्रयोगशाळा नवी मुंबईतच आहे. निर्यातीला त्यांची नोंदणी लागतेच.

निर्जंतुकीकरणाला इथिलीन ऑक्साइड वापरत असाल तर थांबवा, मसाल्यांत युरोपची मर्यादा किलोला ०.१ मिलिग्रॅम आहे आणि तिच्यात त्यापासून बनणारं २-क्लोरोइथेनॉलही मोजतात. वाफ वापरा, पण नंतर पुन्हा नीट सुकवा. ओलावा ११ टक्क्यांवर गेला की बुरशीला आमंत्रण. आणि आधी तयार झालेलं अफ्लाटॉक्सिन वाफेने जात नाही.

प्रश्न : वागळे इस्टेटमध्ये कंट्रोल पॅनल बनवतो. एक एजंट ‘सीई सर्टिफिकेट’ (युरोपात विकायला लागणाऱ्या सीई चिन्हासाठी) देतो म्हणतो. घ्यावं का?

उत्तर : नको. कमी व्होल्टेजच्या पॅनलसाठी सीई कोणी देत नाही, उत्पादक स्वतः जाहीर करतो : मानकांनुसार चाचण्या, तांत्रिक फाइल, सहीचं घोषणापत्र. कागद १० वर्षं जपायचे, चिन्ह किमान ५ मिलिमीटर उंच. पैसे चाचणीवर खर्च करा.

प्रश्न : नौपाड्यात आम्ही बायका लाकडी खेळणी रंगवून प्रदर्शनात विकतो. आयएसआय मार्क हवाच का?

उत्तर : हो. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना तो बंधनकारक आहे. सूट आहे ती हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांना आणि भौगोलिक मानांकनाच्या अधिकृत वापरकर्त्यांना. चन्नपट्टणची खेळणी कर्नाटकातली मानांकित, म्हणून ठाण्यात केलेल्या ‘चन्नपट्टण पद्धतीच्या’ बाहुलीला मानांकनाची सूट मिळत नाही. गटातल्या कारागीर बायकांनी आयुक्तालयाच्या ओळखपत्रासाठी अर्ज करणं हाच सोपा रस्ता. तरी रंगातलं शिसं तपासून घ्याच. खेळण्यांच्या सुरक्षेचं मानक आयएस ९८७३, त्याच्या भाग ३ प्रमाणे रंगातून सुटणारं शिसं किलोला ९० मिलिग्रॅमच्या आत हवं, आणि सुटा ऑइलपेंट तिथे हमखास अडकतो.