एसीएल (गुडघ्याची हाडं बांधून ठेवणारं लिगामेंट) तुटलेल्या माझ्या कबड्डीच्या रेडरला

प्रिय पोरी,

तुझा मेसेज काल रात्री वाचला, दोन ओळींत उत्तर द्यायचं नव्हतं म्हणून आज निवांत लिहितेय. ऑपरेशन होऊन 4 महिने झाले, बाकीच्या पोरी सिलेक्शनला गेल्या, तू घरी बसून योगाचे व्हिडिओ बघतेस आणि विचारतेस ताई मी योगा टीचर होऊ का. हो की, मला तर वाटतं चांगली होशील. पण आधी गुडघ्याचं बोलू, कारण व्हिडिओ बघून पद्मासन ट्राय केलंस हे वाचून माझ्या पोटात गोळाच आला.

नवा ग्राफ्ट, म्हणजे तुटलेल्या लिगामेंटच्या जागी दुसरीकडचा तुकडा, बसवला की काम झालं असं नसतं गं. शरीर त्या ग्राफ्टचं हळूहळू लिगामेंट बनवतं, आणि साधारण दीड ते तीन महिन्यांच्या मधे, जेव्हा दुखणं कमी झालेलं असतं आणि आपल्याला वाटतं आता सगळं ठीक आहे, नेमका तेव्हाच तो सगळ्यात कमजोर असतो. तो काळ सरला तरी पूर्ण ताकद यायला खूप वेळ लागतो, म्हणून तर कबड्डीच्या मॅटवर परतायला निदान 9 महिने थांबा म्हणतात. आणि पद्मासनात पाय वळायला हवा तो खुब्यातून. खुबा वळला नाही तर सगळा पीळ गुडघ्यावर येतो, आणि गुडघा मुख्यतः वाकायचा आणि सरळ व्हायचा सांधा आहे, पिळायचा नाही. तुझा गुडघा गेला तेव्हा पण हेच झालं ना, पाऊल मॅटला चिकटलेलं आणि अंग फिरलं. तेव्हा पद्मासन, वीरासन, वज्रासन सध्या बंद. डॉक्टर आणि फिजिओ हो म्हणेपर्यंत बंद.

फिजिओचे व्यायाम सोडून योगा करायचा नाही, त्याच्या जोडीला करायचा. सूज असेल तेव्हा जमिनीवर झोपून दोन्ही पोटऱ्या खुर्चीवर ठेव. भिंतीला पाठ टेकून, पाय समोर सरळ पसरून दंडासनात बस, मांडीचा पुढचा स्नायू आवळ आणि गुडघ्याची वाटी वर ओढून धर, श्वास चालू ठेव. ऑपरेशनच्या पायाची मांडी बारीक झालीय बघ, टेपने मोजून लिहून ठेव म्हणजे फरक दिसेल. ताडासन सोपं वाटेल तुला, पण दोन वजनकाटे शेजारी शेजारी ठेव, एकेका काट्यावर एकेक पाय ठेवून उभी राहा आणि आकडे बघ. दुखऱ्या पायावर किती कमी वजन टाकतेस ते तुझं तुलाच कळेल. तुझा ग्राफ्ट हॅमस्ट्रिंगचा, म्हणजे मांडीच्या मागच्या स्नायूच्या दोरीचा आहे म्हणालीस, मग बेल्ट लावून पाय वर ओढायचं सुप्त पादांगुष्ठासन फिजिओला विचारल्याशिवाय नको.

श्वासाचं तुला वेगळं सांगायला नकोच, 30 सेकंदांची रेड एका दमात काढणारी मुलगी तू. फक्त तिथे दम राखायचास आणि डोकं तापलेलं असायचं, इथे श्वास लांब सोडायचा आणि डोक्याला शांत व्हायला वेळ द्यायचा. खेळाडूंना शवासन सगळ्यात अवघड जातं हे मी इतक्या वर्षांत बघितलंय, काहीच न करता पडून राहणं म्हणजे हरल्यासारखं वाटतं त्यांना. तुलाही वाटेल. तरी पडून राहा.

अय्यंगार योगपद्धत ज्यांच्या नावाने ओळखली जाते त्या बी. के. एस. अय्यंगार गुरुजींचं तुला मुद्दाम सांगते. लहानपणी सतत आजारी असलेला मुलगा, 1937 मधे पुण्यात शिकवायला आला तेव्हा जेमतेम अठरा-एकोणीस वर्षांचा. पण मला त्यांचं 1979 जास्त महत्त्वाचं वाटतं. साठी गाठलेली, जगभर नाव झालेलं आणि स्कूटरचा ॲक्सिडेंट झाला, पाठ, खांदा, गुडघा सगळ्यालाच मार. जी आसनं वर्षानुवर्षं केली ती परत नवख्यासारखी शिकायला लागली त्यांना, आणि ती शिकले. बेल्ट, विटा, लोड, खुर्ची, दोरखंड हे सगळं त्यांच्या पद्धतीत आलं ते याचसाठी, की ज्याचं शरीर वाकत नाही त्यालाही आसन करता यावं. तुझ्यासारख्यांचा त्यावर पहिला हक्क आहे.

आता टीचर व्हायचं. महिन्याभरात दोनशे तासांचं सर्टिफिकेट देणारे खूप भेटतील, घाई करू नकोस. अय्यंगार पद्धतीत टीचरच्या परीक्षेआधी काही वर्षं एका शिक्षकाकडे शिकावंच लागतं आणि मला ते बरोबर वाटतं. लोणावळ्याची कैवल्यधाम ही योगसंस्था 1924 पासून आहे, तिथले कोर्स बघ, केंद्राच्या आयुष मंत्रालयाच्या योग सर्टिफिकेशन बोर्डाची परीक्षा पण आहे. पण कागद नंतर. आधी क्लासमधे मागे उभी राहा, ब्लँकेट घाल, विटा दे आणि माणसं बघ, कोण कुठल्या पायावर रेलतंय, कोणाचा श्वास अडकलाय, कोण दुखत असून हसतंय. तुला ते पटकन दिसेल कारण तू आत्ता त्यातूनच जातेयस. लवचिक असलेल्या टीचरला बऱ्याचदा कळतच नाही की समोरच्या काकूंना जिना उतरताना भीती का वाटते. तुला कळेल. फक्त "तुमचा गुडघा बरा करते" असं कोणालाही बोलायचं नाही, कधीच नाही.

पैशाचं पण स्पष्ट सांगते, सुरुवातीला सकाळच्या दोन आणि संध्याकाळच्या एका बॅचवर घर चालत नाही, त्यामुळे बीपीएड (शारीरिक शिक्षणाची पदवी) करायचं म्हणत होतीस ते सोडू नकोस. आणि कबड्डी संपली असं आत्ताच ठरवू नकोस गं, ते 9 महिन्यांनंतर गुडघा, डॉक्टर आणि तू मिळून ठरवा. परत खेळलीस तरी शिकवता येतंच.

सोमवारी सकाळी सहाला क्लासला ये. एमआरआयची फाईल आण, फिजिओचा नंबर आण, मी आधी त्यांच्याशी बोलते. आणि आईला सांग रिक्षाने पाठवायला, स्कूटीवर मागे बसून यायचं नाही अजून.

तुझी,
ताई