वाचक विचारतात : हौशी सुपरहिरोपट कुठे जमतो, कुठे फसतो?

प्रश्न : आम्ही पाच मित्र बॅटमॅनवर आठ-दहा मिनिटांचा चाहतेपट करतोय. नमुना म्हणून ‘बॅटमॅन : डेड एंड’ पाहिला. त्यातलं काय उचलावं, काय टाळावं? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : सँडी कोलोरा यांचा हा आठेक मिनिटांचा लघुपट २००३ मध्ये सॅन दिएगोच्या कॉमिक-कॉन या कॉमिकप्रेमींच्या मेळाव्यात झळकला. खर्च सुमारे ३० हजार डॉलर सांगितला जातो. पण हा आकडा मनावर घेऊ नका. कोलोरा हॉलिवूडसाठी राक्षस, मुखवटे घडवणारे कारागीर. त्यांच्या हातातली कला या हिशेबात धरलेलीच नाही. ‘हौशी’ तो एवढ्याचपुरता, की विकायला काढलेला नव्हता.

उचलावा तो पोशाख. १९८९ ते १९९७ मधल्या हॉलिवूडपटांतला बॅटमॅन रबरी साच्यात कोंबलेला; नुसती मान वळवता येत नाही, सगळं धड फिरवावं लागतं. इथे क्लार्क बार्ट्रम यांच्या अंगावर साधा राखाडी कापडी पोशाख आहे, त्यामुळे माणूस हलतो, वाकतो, आणि कॉमिकच्या पानावरून उतरल्यासारखा दिसतो. दुसरी गोष्ट, एकच गल्ली, रात्र आणि पाऊस. गोथम हे बॅटमॅनचं शहर उभं करायची गरजच पडली नाही, अंधारानं भागवलं. आणि अँड्र्यू कोनिग यांचा जोकर तर पोशाखाइतकाच भाव खाऊन जातो.

टाळायची ती पटकथा. जोकर कोंडीत सापडतो, दोघांतलं जुनं वैर बोलण्यातून वर येऊ लागतं आणि नेमका तेव्हाच एलियन (त्याच नावाच्या हॉलिवूडपटातला परग्रही राक्षस) जोकरला उचलून नेतो. मग प्रिडेटर (हाही तसाच, दुसऱ्या हॉलिवूडपटातला) येतो, मारामारी होते, बॅटमॅन दोन्हीकडून घेरला जातो, संपलं! सुरुवातीला उभा केलेला प्रश्न लोंबकळतच राहतो. हे ट्रेलरला चालतं, गोष्टीला नाही. लिहायला बसण्याआधी तीन ओळी कागदावर उतरवा : नायकाला काय हवंय, आड कोण येतंय, शेवटी मिळालं की नाही. तिसरी ओळ सुचत नसेल तर कॅमेरा भाड्यानं आणू नका. कौतुकाची बाब म्हणजे याला पैसा लागत नाही, तरी हौशी मंडळी नेमकी इथेच कमी पडतात.

प्रश्न : आम्ही पाइपनं पाऊस पाडला, पण चित्रात दिसतच नाही. आणि झगा चिकटून लोंबतो. (एक वाचक, सांगली)

उत्तर : पाऊस समोरून उजेड टाकला की गायब होतो. दिवा पात्राच्या मागे, थोडा वर आणि कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर ठेवा. थेंब कडेनं उजळतात. फवारा फार बारीक नको, धुकं दिसतं. पाऊस जमलाच नाही तर चार बादल्या ओतून रस्ता ओला करा, त्यात दिवे चमकतात आणि अर्धं काम होतं. दिवे बॅटरीवरचेच वापरा. पाणी आणि २३० व्होल्ट एकत्र आणू नका.

झग्यासाठी ५८ इंच पन्ह्याचं तीन मीटर मॅट कापड घ्या. सॅटिन दिव्याखाली स्नेहसंमेलनातल्यासारखं चमकतं. लांब कडेच्या मध्यावर १४ सेंमी त्रिज्येचा गळ्याचा अर्धगोल, त्याच मध्यातून बाहेरचा मोठा अर्धगोल कापा. सुमारे १३० सेंमी लांबी मिळते. खालच्या दुमडीत पडद्याला घालतात ती वजनाची दोरी ओवली की झगा पायात गुंतत नाही आणि वळताना गोल फिरतो. छातीचं चिलखत ईव्हीए फोमचं (हलका, स्पंजासारखा पत्रा) करणार असाल तर फोमची छिद्रं आधी हीट गनच्या (गरम हवा फेकणारं यंत्र) उष्णतेनं बंद करा, नाहीतर तो रंग पिऊन टाकतो. फेविकॉल एसआर हा गोंद जोडायच्या दोन्ही कडांना लावून, बोटाला चिकटेनासा झाल्यावरच दाबा. ओला असताना जोडला तर सांधे उघडतात. वरून लवचीक थर न देता नुसता रंग मारलात तर पहिल्याच वाकण्यात तडे जातात.

प्रश्न : ठोसे खोटे वाटतात, मुखवट्यातला आवाज घुमतो. शिवाय दुकानाबाहेरच्या दिव्यांत चित्र लुकलुकतं. (एक वाचक, ठाणे)

उत्तर : मोबाइलची रुंद लेन्स जवळून लावलीत तर मूठ आणि गाल यांच्यातली फट उघडी पडते. लांब जा, झूम करा (डिजिटल नव्हे, दुसरी लेन्स असेल ती), आणि मार खाणाऱ्याच्या पाठीमागून, खांद्यावरून असा कोन घ्या की मूठ गालाच्या रेषेत येऊन फट झाकली जाईल. वीतभर अंतर सोडूनच मारा. डोकं झटकायची वेळ चुकली तर कुठलाही कोन वाचवत नाही. ही तालीम आधी संथ गतीत करा.

मुखवट्यातले संवाद जागेवर धरायचा हट्ट सोडा, नंतर डब करा. त्यासाठी मूळ जागेचा अर्धा मिनिट नुसता सन्नाटा ध्वनिमुद्रित करून ठेवा; डबिंगखाली तो घातला नाही तर आवाज खोलीतला वाटतो.

लुकलुकण्याचं कारण आपली ५० हर्ट्झची वीज. शटर (प्रत्येक चित्रासाठी कॅमेरा उजेड घेतो तो वेळ) १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवा. ऑटो मोडवर सोडलंत की फोन मनाला येईल ते शटर घेतो.

प्रश्न : यूट्यूबवर टाकून जाहिरातीचे पैसे घेतले तर? (एक वाचक, पणजी)

उत्तर : घेऊ नका. बॅटमॅन डीसी या अमेरिकी कॉमिक कंपनीच्या मालकीचा. पैसे न घेतले तरी हक्क आपल्याला मिळत नाही. भारतीय कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मधली सूट खासगी वापर, टीका-समीक्षा अशा कामांपुरती आहे, चाहतेपट तिथे नावानं कुठेच नाही. कमाई करायचीच असेल तर झगा तोच ठेवा, नायक मात्र स्वतःचा घडवा.