ट्रायथलॉन करायची आहे? सायकल सगळ्यात शेवटी घ्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: राहायला मुलुंड, ऑफिस बीकेसीत, वय ३९. यंदा जानेवारीत मुंबईची हाफ मॅरेथॉन पूर्ण केलीत, पोहायला शाळेत असताना शिकलात, सायकल कॉलेजनंतर चालवलेली नाही. ऑफिसातल्या तिघांनी गोव्याच्या हाफ आयर्नमॅनला, म्हणजे पोहणं, सायकल आणि धावणं लागोपाठ असलेल्या लांब ट्रायथलॉनला नाव घातलंय, तुम्हालाही घालायचंय, आणि त्यासाठी दीड लाखाची रोड बाइक घ्यावी का, एवढंच विचारलंय.

नका घेऊ. निदान आत्ता तरी नाही. आधी पोहणं, मग वेळेची सोय, आणि सायकल सगळ्यात शेवटी. जरा सविस्तर लिहिते, कारण असा प्रश्न दरवर्षी कुणीतरी विचारतं आणि दुसऱ्याच उत्तरापासून चर्चा कार्बन फ्रेम की ॲल्युमिनियम यावर घसरते.

गोव्याला १.९ किलोमीटर समुद्रात पोहायचं, ९० किलोमीटर सायकल, मग २१.१ किलोमीटर धावायचं. सगळं मिळून साडेआठ तास. पण त्याच्या पोटात आणखी एक मर्यादा आहे, तिच्याकडे नवखे लोक बघतच नाहीत: पोहणं १ तास १० मिनिटांत संपवावं लागतं. पाण्यातून वेळेत बाहेर आला नाहीत तर तुमची दीड लाखाची सायकल रॅकवर तशीच लटकत राहते आणि तुम्ही टॉवेल गुंडाळून बाकीच्यांना टाळ्या वाजवता. हिशेब केला तर १०० मीटरला साधारण ३ मिनिटं ४० सेकंद. हा वेग काही फार नाही, सकाळच्या बॅचला नियमित येणाऱ्या पन्नाशीच्या बायकाही त्याच्या आसपास पोहतात. फरक एवढाच की त्या दर ५० मीटरला भिंतीला हात लावून दोन श्वास घेतात. समुद्रात भिंत नसते.

शाळेत शिकलेलं पोहणं म्हणजे बहुतेक वेळा डोकं वर काढून मारलेले हात. शरीर विसरत नाही हे खरं, पण दमही लगेच लागतो. तुम्ही हाफ मॅरेथॉन धावता, म्हणजे फुप्फुसं ठीक आहेत. तरीही दोन लॅपमध्ये धाप लागेल आणि वाटेल की स्टॅमिना कमी पडतोय. तसं नसतं. नव्वद टक्के लोक पाण्याखाली श्वास सोडतच नाहीत. तोंड बाहेर काढल्यावर आधी सोडायचा आणि मग घ्यायचा, एवढा वेळ तिथे मिळत नाही. म्हणून पहिले दोन-तीन आठवडे अंतर मोजूच नका. पाण्यात तोंड घालून नाकातोंडातून संथ बुडबुडे सोडायचे, कडेला धरून, मग फळी धरून. पोरकट वाटेल, शेजारच्या लेनमधला सात वर्षांचा मुलगा बघून हसेल, हसू दे.

तुमच्या घराजवळ मुलुंडला कालिदासच्या क्रीडासंकुलात महापालिकेचा तलाव आहे. ऑफिसच्या बाजूने सोयीचं पडत असेल तर दादरला शिवाजी पार्कचा महात्मा गांधी तलाव. क्लबांच्या मानाने पालिकेच्या तलावांची फी बरीच कमी असते, पण बॅचची वेळ आपल्या हातात नसते आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत गर्दीमुळे सरळ रेषेत पोहणं हीच कसरत होते. मोठ्यांना शिकवणारा कोच मुद्दाम शोधा. लहान मुलांच्या कोचला प्रौढ माणसाची भीती कळतेच असं नाही. आठवड्यातून तीन दिवस, पाऊण-पाऊण तास, असं तीन-चार महिने केलंत तर न थांबता ७५० मीटर जमायला हरकत नाही. ते जमेपर्यंत कुठल्याही स्पर्धेला पैसे भरू नका.

समुद्राबद्दल. ट्रायथलॉनमध्ये कुठल्याही पद्धतीने पोहलेलं चालतं. फ्रीस्टाइलच पाहिजे असा नियम नाही, घाबरल्यावर ब्रेस्टस्ट्रोकवर या, पाठीवर तरंगा. बचावाच्या कयाकला (छोट्या होडीला) किंवा बोयाला (पाण्यावर तरंगणाऱ्या खुणेला) धरून दम खाल्लात तरी बाद होत नाही, फक्त त्याच्या आधाराने पुढे सरकायचं नाही. हे आधी माहीत असलं की अर्धी भीती जाते. मात्र गोव्याचं पाणी कोमट, त्यामुळे तिथे वेटसूट, म्हणजे थंड पाण्यात घालायचा जाड रबरी सूट, चालत नाही. वेटसूट अंगाला तरंगवतो, परदेशातले व्हिडिओ बघताना ते लक्षात ठेवा. आणि दर दहा-बारा हातांनंतर डोळे वर काढून बोया कुठे आहे ते बघायची सवय तलावातच लावून घ्या, नाहीतर १.९ किलोमीटरचे सहज सव्वादोन होतात.

मुंबईत सराव कुठे करायचा हा खरा प्रश्न. जुहूला किंवा गिरगावला एकटीने समुद्रात शिरायचं नाही, कितीही चांगलं पोहता येत असलं तरी. जून ते सप्टेंबर तर समुद्राचा विषयच नको, आणि पावसाळ्याच्या दिवसांत जेलीफिशही किनाऱ्याला लागतात. 'पवई तलाव जवळ आहे की' असं कुणीतरी सुचवेल. पवई आणि विहारमध्ये मगरी आहेत, ही थट्टा नाही. त्यापेक्षा डिसेंबरात मालवणच्या चिवला किनाऱ्यावर सागरी जलतरण स्पर्धा होते, तिथल्या लहान अंतराला नाव घाला. बचावाच्या होड्या असतात, सोबत बारक्या पोरांपासून आजोबांपर्यंत सगळे असतात, आणि घरच्यांची मालवणची सहल होते. माझ्या मते पहिल्यांदा समुद्रात पोहायला याहून बरी जागा महाराष्ट्रात नाही.

आता वेळ. हाफ आयर्नमॅनसाठी आठवड्याला आठ ते दहा तास लागतात, शेवटच्या दोन महिन्यांत त्याहून जास्त. तुमच्या आठवड्यात ते कुठून येणार ते कागदावर मांडा. मुलुंड ते कुर्ला लोकल, पुढे बस नाहीतर शेअर रिक्षा, परत येताना तेच उलटं. रात्री साडेआठला घरी आलेली बाई पहाटे साडेचारला सायकलवर बसायची असेल तर तिला नऊला झोपावं लागेल. ते होणार नाही, मग झोप कापली जाईल. मी आजूबाजूला पाहिलेल्या बहुतेक दुखापती चुकीच्या बुटांच्या नाहीत, कमी झोपेच्या आहेत. शनिवार-रविवार पहाटे तुम्ही चार तास बाहेर असताना घरात कोण काय बघणार, रोजचा डबा कोण करणार, हे नवऱ्याशी आणि घरात जे कोणी असेल त्यांच्याशी स्पष्ट बोलून ठरवल्याशिवाय कुठलाही ट्रेनिंग प्लॅन डाउनलोड करू नका. ऑफिसातल्या त्या तिघांच्या घरी ही व्यवस्था न बोलता झालेली असेल. तुमच्याकडे ती होईलच असं नाही.

त्यात गोव्याचा हंगाम. ही स्पर्धा २०१९पासून साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात होते. म्हणजे सर्वांत जड सरावाचे आठवडे नेमके जुलै, ऑगस्ट, सप्टेंबरात. रस्त्यांची चाळण झालेली, समुद्र बंद, मधे श्रावणातले उपास, मग गणपती. ज्यांच्याकडे घरात ट्रेनर (सायकल जागेवरच चालवायचा स्टँड) लावून सायकल चालवायची सोय आहे ते निभावून नेतात. पहिल्याच वर्षी सायकल, पोहणं आणि पावसाळा तिन्ही एकदम अंगावर घेऊ नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

त्याऐवजी थंडीच्या हंगामातली स्प्रिंट ट्रायथलॉन धरा: ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल, ५ किलोमीटर धावणं. ती जमली की ऑलिंपिक अंतर, म्हणजे दीड किलोमीटर, ४० आणि १०. कोल्हापुरात राजाराम तलावात पोहून होणाऱ्या ट्रायथलॉन आहेत. तळ्याच्या पाण्यात लाट नसते, आणि कोल्हापूरकर रस्त्यावर उभं राहून ओरडायला कमी करत नाहीत. स्प्रिंटची तयारी आठवड्याला पाच-सहा तासांत होते. गोवा पुढच्या वर्षीही तिथेच असणार आहे.

आता सायकल. स्प्रिंटसाठी साधी हायब्रिड, म्हणजे सरळ हँडलची रोजच्या वापराची सायकल चालते, बऱ्याच आयोजकांना एमटीबी (जाड टायरची माउंटन बाइक) सुद्धा चालते. बघतात ते हेल्मेट, दोन्ही ब्रेक आणि हँडलबारच्या टोकांना बुचं आहेत की नाहीत ते. हो, बुचं. उघड्या नळीवर माणूस पडला तर ती पोटात घुसते, म्हणून त्यावरून सायकल परत पाठवतात. कुणाची तरी धूळ खात पडलेली हायब्रिड मागा किंवा सेकंडहँड घ्या, पण फ्रेमचं माप तुमच्या उंचीचं हवं. घरातल्या पुरुषांची सायकल सीट खाली करून चालवली की आधी मान आणि मग गुडघे बोलायला लागतात. टायर २८ किंवा ३२ मिलिमीटरचे घ्या. रेसिंगचे २३चे टायर आपल्या पेव्हर ब्लॉकवर आणि गटाराच्या उभ्या फटींच्या जाळ्यांवर नको.

आणि पंक्चर स्वतः काढायला शिका, म्हणजे मागचं चाक काढून ट्यूब बदलून परत बसवायला. ट्रायथलॉनमध्ये बाहेरच्या माणसाची मदत घेतलेली चालत नाही, नवरा पंप घेऊन शेजारी उभा असला तरी.

मुलुंडहून सायकलिंगला तुम्ही नशीबवान आहात. ऐरोली पुलावरून नवी मुंबईत उतरलात की पाम बीच रोड गाठता येतो, चढासाठी ठाण्यातलं येऊर आहे. सी लिंक, ईस्टर्न फ्रीवे, कोस्टल रोड आणि अटल सेतूवर सायकलला बंदी आहे, पहाटे रिकामे दिसले तरी मोह नको. अंधारात हायवेवर एकटी जाऊ नका. मुलुंड-ठाण्यात सायकलिंगचे बरेच ग्रुप आहेत आणि त्यांत बायका भरपूर आहेत. बदल हवा असेल तर भाऊच्या धक्क्यावरून सायकल रो-रो बोटीत चढवा, मांडव्याला उतरा आणि अलिबाग-रेवदंड्यापर्यंत जाऊन या. चौल-नागावच्या वाड्यांमधून जाणारा तो रस्ता म्हणजे सराव कमी आणि सुख जास्त.

एक आडवाट सुचवते. पोहणं काही केल्या जमलंच नाही तर ब्रेव्हे बघा, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल राइड. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस आणि ६०० चाळीस तासांत. ही शर्यत नाही, पहिला-दुसरा नंबर नसतो, वेळेत पोचलात की झालं. २००चा सरासरी वेग ताशी १५ किलोमीटरच्याही आतच येतो, त्यामुळे हायब्रिडवाल्यांना पूर्ण वाव आहे. रात्रीसाठी दिवे आणि चमकणारं जॅकेट सक्तीचं. चारही अंतरं एकाच हंगामात केली की सुपर रँडोनर म्हणतात. ट्रायथलॉनचं ठरवून आलेली आणि ब्रेव्हेतच रमलेली माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत, आणि ती जास्त आनंदी दिसतात असा माझा संशय आहे.

धावण्याबद्दल तुम्हाला सांगण्यासारखं थोडंच. पेडर रोडचा चढ तुम्ही चढून आला आहात. फक्त महिन्यातून दोन-तीनदा सायकलवरून उतरल्या उतरल्या पंधरा-वीस मिनिटं धावा. पाय लाकडाचे झालेत असं वाटतं, ते दहा मिनिटांत सुटतं, पण पहिल्यांदा स्पर्धेतच अनुभवलंत तर घाबराल. आणि मुंबईच्या दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून अंग थंड होत नाही. ऑक्टोबरात जानेवारीचा वेग धरायला जाऊ नका.

खाणंपिणंही थोडक्यात. दीड तासाच्या पुढच्या सरावाला तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं लागतात, एका मध्यम केळ्यात पंचवीसेक ग्रॅम असतात. केळं, खजूर, मीठ घातलेलं लिंबू सरबत यावर स्प्रिंटच काय, ऑलिंपिकही निघते. एनर्जी जेल वापरायचे तर आधी सरावात वापरून बघा. तहान नसताना दर स्टॉलवर पाणी ढोसू नका, रक्तातलं सोडियम उतरून माणूस बेशुद्ध पडू शकतो. स्पर्धेआधी 'सेफ्टी म्हणून' पेनकिलर घेणारे पुष्कळ भेटतील. घामाने पाणी कमी झालेल्या शरीरात त्या गोळ्या किडनीला त्रास देतात, घेऊ नका. पाळी आणि स्पर्धा एकाच दिवशी आली तर काय, हे कुणी विचारत नाही म्हणून सांगते: ट्रायसूटखाली (तिन्हींसाठी एकच घालायच्या कपड्याखाली) काय वापरायचं ते सरावात एकदा करून बघा, आणि ट्रान्झिशनच्या, म्हणजे एका प्रकारातून दुसऱ्यात जातानाच्या पिशवीत तारीख नसली तरी सामान ठेवा.

पैसे खर्चच करायचे असतील तर या आठवड्यात दोन गोष्टींवर करा. पहिली, डॉक्टरांची भेट: ईसीजी, त्यांना गरज वाटली तर स्ट्रेस टेस्ट, आणि हिमोग्लोबिनसोबत फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याची तपासणी. आपल्याकडे बायकांचं लोह कमी असणं इतकं सर्रास आहे की सहा महिने 'स्टॅमिना का वाढत नाही' म्हणून रडण्याआधी ते बघून घ्यावं. दुसरी, पोहण्याचा चांगला गॉगल, काचा चेहऱ्याला लावून बघून घेतलेला. ऑनलाइन मागवला तर हमखास गळतो.

दीड लाखाचं म्हणाल तर, दर वर्षी गोवा झालं की दोन-चार जण आपल्या फारशा न चाललेल्या रोड बाइक विकायला काढतातच. तोवर तुमचं ७५० मीटर झालेलं असेल तर उंची आणि पायाची आतली लांबी मोजून लिहा, मी नजर ठेवते. आत्ता रिपोर्ट आणि तलावाची बॅच कुठली मिळाली तेवढं कळवा.