भिंतीला पुन्हा रंग कोण देतो?

प्रश्न : सर, माझी मुलगी सप्टेंबरपासून उत्तर आयर्लंडमध्ये बेलफास्टला शिकायला आहे. रविवारी फिरायला गेली तेव्हाचे फोटो तिने पाठवले. एका घराच्या भिंतीवर दोन मजली उंच, तोंड झाकलेला बंदूकवाला. दुसऱ्या रस्त्यावर लांब केसांचा एक हसरा तरुण. आणि दोन वस्त्यांच्या मधोमध आपल्या जेलच्या भिंतीसारखी उंच भिंत. तिथे समझोता होऊन पंचवीस वर्षं उलटली म्हणतात, मग ही चित्रं पुसून का टाकत नाहीत? पोर अशा गावात राहते याचीच मला धास्ती वाटते.
— एक आई, मानेवाडा, नागपूर

उत्तर : ताई, आधी धास्तीचं बोलतो. त्या भिंतींसमोर रोज देशोदेशीचे लोक टॅक्सीने येतात आणि फोटो काढतात. मुलीला एवढंच सांगा की १२ जुलैच्या मागेपुढे मिरवणुका आणि होळ्या असतात, तेव्हा दोन वस्त्यांच्या सीमेवर फिरकू नको. बाकी दिवसा खुशाल फिरू दे, आणि डोळे उघडे ठेवून फिरू दे.

मी २०११ साली भाच्याकडे मँचेस्टरला गेलो होतो. तिथून चार दिवस काढून बेलफास्टला गेलो ते फक्त भिंती बघायला. ड्रॉइंग मास्तर होण्याआधी मी पेंटर होतो. चितारओळीत उस्तादांच्या हाताखाली गणपतीचे डोळे आणि मारबतीचे दात रंगवायला शिकलो, नंतर दुकानांच्या पाट्या आणि निवडणुकीच्या भिंती रंगवल्या. त्यामुळे कुठेही गेलो तरी पहिला हात भिंतीला लावून बघतो.

तिथली घरं आपल्या चाळीसारखी ओळीने एकमेकांना चिकटलेली असतात. ओळीतल्या शेवटच्या घराची बाजूची भिंत बिनखिडकीची आणि सपाट असते, पेंटरसाठी तयार कॅनव्हासच. १९०८ मध्ये पूर्व बेलफास्टच्या अशाच एका भिंतीवर गोदीतल्या एका कामगाराने राजा तिसरा विल्यम रंगवला. पांढऱ्या घोड्यावर बसून बॉइन नदी ओलांडणारा राजा. १६९० सालची ती लढाई प्रोटेस्टंट पक्षाने जिंकली, म्हणून दर १२ जुलैला उत्सव. त्याआधी गल्लीतले लोक परांची बांधून जुन्या राजाला नवा रंग द्यायचे. १९२१ मध्ये आयर्लंडची फाळणी झाली आणि उत्तरेत ब्रिटनसोबत राहू इच्छिणाऱ्यांचं, म्हणजे मुख्यतः प्रोटेस्टंटांचं सरकार आलं. मग अशा चित्रांच्या उद्घाटनाला पुढारी येऊ लागले.

कॅथलिक वस्त्यांमध्ये, म्हणजे बहुतेकांना ब्रिटन सोडून आयर्लंडशी एक व्हायचं होतं तिथे, उलट होतं. तिथे भिंत रंगवणं म्हणजे पोलिसांशी गाठ. १९८० मध्ये ऑर्मो रोड भागात सोळा वर्षांचा एक मुलगा रात्री घोषणा रंगवत होता. पोलिसाला त्याच्या हातात पिस्तूल दिसलं आणि त्याने गोळी घातली. पोराच्या हातात ब्रश होता. हे मला तिथल्या टॅक्सीवाल्याने सांगितलं तेव्हा मी गाडीतून उतरून थोडा वेळ नुसता उभा राहिलो. आम्ही पोरं सोळाव्या वर्षी कंदील घेऊन रात्रभर भिंती रंगवायचो. कुत्री भुंकायची, यापलीकडे कसली भीती नव्हती.

तुमच्या मुलीच्या फोटोतला लांब केसांचा तरुण म्हणजे बॉबी सँड्स, फॉल्स रोडवरचा. ब्रिटिश राजवटीविरुद्ध बंदूक उचललेल्या आयआरए या संघटनेतला. १९८१ मध्ये तुरुंगात राजकीय कैद्याचा दर्जा मागत त्याने उपोषण केलं. उपोषण चालू असतानाच तो ब्रिटिश संसदेवर निवडून आला आणि ६६व्या दिवशी, ५ मे रोजी गेला. त्या उपोषणात एकूण दहा जण गेले. त्याच वर्षी कॅथलिक वस्त्यांच्या भिंती एकदम बोलू लागल्या. या दोन बाजूंच्या संघर्षात सगळं मिळून तीसेक वर्षांत साडेतीन हजारांवर माणसं मेली आणि १० एप्रिल १९९८ रोजी समझोता झाला. मधली उंच भिंत मात्र १९६९ पासूनची आहे. आधी लष्कराने काटेरी तार लावली, मग तिची भिंत झाली. तिच्यातली काही फाटकं आजही रात्री बंद होतात.

आता पुसत का नाहीत ते. ताई, ही चित्रं समोरच्यांसाठी आहेत असं आपल्याला वाटतं. त्यातली बरीच आपल्याच लोकांसाठी असतात. इथे आपण राहतो, आपले हे लोक गेले, त्यांना विसरू नका. पालिकेने रातोरात चुना फासला तर दुसऱ्या दिवशी त्याच जागी दुप्पट मोठी बंदूक येईल. गल्लीला स्वतःला नको झाली तरच बंदूक जाते. शहरात सँडी रो नावाचा भाग आहे. तिथे शिरतानाच तोंड झाकलेला बंदूकवाला होता, मी २०११ मध्ये त्याच्यासमोर उभा होतो. २०१२ मध्ये तिथे पुन्हा विल्यम राजा आला. राजाही एकाच बाजूचा, हे खरं. पण शाळेत जाणाऱ्या पोराच्या डोळ्यांसमोर रोज बंदुकीची नळी असण्यापेक्षा राजा मला हजार वेळा चालेल. २००६ पासून तिथल्या कला परिषदेने अशा बदलांसाठी वस्त्यांना पैसे दिले, पण काय रंगवायचं ते वस्तीला विचारून. अक्कल होती ती तिथे.

मुलीला आणखी एक शोधायला सांगा. कू हुलिन नावाचा आयरिश पुराणातला योद्धा आहे. मरतानाही शत्रूला पाठ दाखवायची नाही म्हणून त्याने स्वतःला दगडी खांबाला बांधून घेतलं. डब्लिनच्या मुख्य पोस्टात त्याचा पुतळा आहे, ब्रिटिशांविरुद्धच्या १९१६ च्या उठावाची आठवण म्हणून. कॅथलिक भिंतीवर तो आयर्लंडचा हुतात्मा असतो. प्रोटेस्टंट भिंतीवर तोच, तसाच मान टाकलेला, पण आयरिश सैन्यापासून अल्स्टरला, म्हणजे उत्तरेकडच्या प्रांताला वाचवणारा. एकच माणूस, एकच खांब. शिवाजी महाराज आणि बाबासाहेब यांना आपल्याकडे कोण कोणत्या भिंतीवर कशा रंगात काढतं हे आठवा, म्हणजे वेगळं समजवावं लागणार नाही.

आणि जमलं तर बसने उत्तर आयर्लंडमधल्याच डेरी शहराला जाऊन यायला सांगा, दोनेक तासांवर आहे. तिथे बॉगसाइड या कॅथलिक वस्तीत शाळेच्या गणवेशातली एक मुलगी भिंतीवर उभी आहे. अ‍ॅनेट मॅकगॅव्हिगन, चौदा वर्षांची, १९७१ मध्ये गोळीबारात गेली. दोन भाऊ आणि त्यांचा एक मित्र अशा तिघांनी ते चित्र काढलं. मागे उद्ध्वस्त घर, बाजूला बंदूक आणि वर एक फुलपाखरू, ज्यात त्यांनी रंगच भरला नाही. शांतता टिकते की नाही ते बघू, मग भरू. २००६ मध्ये ते पुन्हा परांचीवर चढले, बंदूक मोडलेली दाखवली आणि फुलपाखरू रंगवलं. मी त्या फुलपाखराखाली मान वर करून उभा राहिलो. सगळ्या भिंतीवर रंग किती जपून वापरलाय, आणि त्या पंखांवर मात्र हात अजिबात आखडता घेतलेला नाही.

आपल्याकडे नागपुरात २०२३ च्या मार्चमध्ये सी-२० ची, म्हणजे जी-२० मधल्या नागरी संघटनांच्या गटाची बैठक झाली तेव्हा वर्धा रोडच्या भिंती रंगल्या. पोरांनी मेहनतीने काढलेली चित्रं होती. पण ती पाहुण्यांसाठी होती. इंदोऱ्यात १४ एप्रिलच्या आधी लोक आपणहून निळा डबा घेऊन शिडीवर चढतात, त्यांना कोणी टेंडर काढून सांगत नाही. बेलफास्टची चित्रं या दुसऱ्या जातीची आहेत.

प्रश्न : आमच्या मंडळाच्या सभागृहाची एक भिंत समोरच्या मोहल्ल्याकडे तोंड करून आहे. पोरांना तिथे भव्य चित्र हवंय. तलवार उगारलेली, नजर समोरच्यांवर रोखलेली. २०२५ च्या मार्चमध्ये आपल्या महाल भागात संचारबंदी लागली तेव्हापासून पोरांची डोकी गरम आहेत. वर्गणीही जमली आहे. आम्ही चार ज्येष्ठ गप्प आहोत. काय करावं?
— एक कार्यवाह, जुने नागपूर

उत्तर : गप्प बसू नका दादा. असं चित्र काढू देऊ नका.

मी हे पाप केलेलं आहे. ऐन पंचविशीत एका मंडळाने मला भिंत दिली आणि जबडा उघडलेला वाघ मागितला, तोंड पलीकडच्या वस्तीकडे. मला पैसे हवे होते आणि हात दाखवायचा होता. भिंतीसमोर एक पानठेला होता. काम चाललं तेवढे पाच दिवस ठेलेवाला मला चहा पाजत होता, शिडी धरत होता. वाघाचे दात रंगवले त्या दिवशी तो काही बोलला नाही. आठवड्याने तिकडून गेलो तर त्याने ठेल्याचं तोंड फिरवलं होतं. वाघाकडे पाठ, रस्त्याकडे पाठ, गिऱ्हाईक वळसा घालून जात होतं. मी तसाच सायकल काढून निघालो. आजवर त्याच्यासमोर गेलेलो नाही.

त्या वाघाला कोणीच पुन्हा रंग दिला नाही. नागपूरच्या चार उन्हाळ्यांत पिवळा उडाला, मग पोपडे निघाले आणि खालचे थर दिसू लागले. गेरू, त्याखाली नीळ, त्याखाली कुठल्याशा निवडणुकीचा अर्धा पंजा. ज्यांनी वर्गणी काढली होती त्यांची लग्नं झाली, कोणी पुण्याला गेला.

पोरांना नुसतं नाही म्हणू नका, वर्गणी जमवलेली पोरं नाही ऐकणार नाहीत. काम द्या. आधी भिंत खरवडायला लावा, लोखंडी ब्रशने, दोन रविवार. पाऊस संपेपर्यंत प्राइमर मारू नका, ओल धरते. महाराज काढायचे असतील तर जरूर काढा, पण ते आपल्या सभागृहाकडे येणाऱ्या पोराकडे बघणारे काढा. आणि दसऱ्यानंतरच्या एखाद्या संध्याकाळी मला बोलवा. रेखाटन मी करून देईन, पैसे नकोत. फक्त भिंतीसमोर, पलीकडच्या बाजूला, चहाची टपरी असेल तर पहिली बैठक तिथे ठेवा आणि टपरीवाल्यालाही बसवा.