वर्षभराच्या गोळ्या बॅगेत टाकू का?

मीनल (नाव बदललं आहे) नागपूरच्या धरमपेठेतल्या आमच्या समुपदेशन केंद्रात आली ती सामानाची यादी घेऊनच. सावजी मसाला, लोणचं, प्रेशर कुकर, आणि सगळ्यात खाली बारीक अक्षरात ‘गो. १३’. म्हणजे गर्भनिरोधक गोळ्यांची १३ पाकिटं. २८ दिवसांचं एक, असा वर्षाचा हिशेब तिनं आधीच केला होता. वय २७, लग्नाला पाच महिने, नवरा स्टुटगार्टला नोकरीला, नोव्हेंबरचं तिकीट हातात. दोन वर्षं तरी मूल नको, यावर दोघांचं एकमत.

“मॅडम, एवढ्या नेऊ देतात का? नाही तं मैत्रीण कुरिअर करेल. आईला नाही सांगता येणार. ती बाहेर बसली आहे, तिला रक्ताचा रिपोर्ट दाखवायचाय असं सांगितलंय.”

परदेशी निघालेल्या मुली हा प्रश्न मला हमखास विचारतात. जर्मनीत स्वतःपुरतं औषध नेता येतं, पण साधारण तीन महिन्यांचं. मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह, हातातल्या बॅगेत. भारतातून कुरिअरनं औषध मागवायला तिथं परवानगी नाही, पार्सल कस्टमलाच अडकतं. पुढच्या गोळ्या तिथल्याच स्त्रीरोगतज्ज्ञाच्या चिठ्ठीवर घ्यायच्या. तपासणीचा खर्च सरकारी आरोग्यविमा उचलतो, पण गोळ्यांचे पैसे २२ वर्षं पूर्ण झाल्यावर आपल्याच खिशातून. वेळ लवकर मिळत नसेल तर ११६११७ या नंबरवर फोन करायचा. (प्रत्येक देशाचं वेगळं असतं. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत ही साधनं मोफत मिळतात. अमेरिकेत २०२४ पासून ओपिल नावाची गोळी चिठ्ठीशिवाय दुकानात मिळते.)

चिठ्ठीवर कंपनीचं नाव नको, घटक आणि मिलिग्रॅम हवेत, हे मी प्रत्येकीला बजावते. आपल्याकडचं नाव तिथल्या केमिस्टला कळत नाही. ‘लेव्होनॉर्जेस्ट्रेल ०.१५, एथिनिल इस्ट्रॅडिऑल ०.०३’ कुठंही कळतं.

मीनल हे सगळं भराभर लिहून घेत होती. तिच्या दृष्टीनं काम संपलं होतं.

“ही गोळी कोणत्या डॉक्टरनं दिली?”

“डॉक्टरनं कुठं? मैत्रीण हीच घेते. ह्यांनी मेडिकलमधून आणली.”

बीपी कधी मोजलेलं नाही. आपल्याकडे ही गोळी साबणासारखी विकत घेतली जाते, याची मला आता चीड येणंही बंद झालंय. मग मी नेहमीचे प्रश्न विचारले. सिगारेट? नाही. पायात रक्ताची गुठळी, घरात कोणाला? नाही. डोकं दुखतं?

“अर्धशिशी आहे. पण मॅडम, नागपूरच्या उन्हात कोणाला नसते?”

“दुखायच्या आधी डोळ्यांपुढे काही होतं?”

ती थांबली. “चमकतं. नागमोडी रेघा येतात, पंधरा-वीस मिनिटं. मोबाइल वाचता येत नाही. मग दुखायला लागतं.”

मी पेन खाली ठेवलं. अशी पूर्वसूचना देणारी अर्धशिशी असेल तर इस्ट्रोजेन असलेली गोळी (चिठ्ठीवरचं एथिनिल इस्ट्रॅडिऑल म्हणजे तेच) घ्यायचीच नाही, जागतिक आरोग्य संघटनेचे निकष इतके स्पष्ट आहेत. कारण पक्षाघाताचा धोका वाढतो. तरुण वयात तो मुळात कमीच असतो, हेही मी तिला सांगितलं, नाही तर घाबरून ती रात्रभर झोपली नसती. पण मी समुपदेशक, डॉक्टर नाही. तिच्यासमोरच रामदासपेठेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांना फोन लावला. त्यांनी गोळी बंद करायला सांगितलं, तोवर निरोध वापरा म्हणाल्या आणि संध्याकाळची वेळ दिली.

त्यांनी पुढे ठेवलेले पर्याय असे. इस्ट्रोजेन नसलेली मिनी पिल, जी जर्मनीत चिठ्ठीवर सहज मिळते. ‘अंतरा’ इंजेक्शन, पण ते दर तीन महिन्यांनी, आणि बंद केल्यावर दिवस राहायला बरेच महिने लागू शकतात. दोनच वर्षं थांबायचंय तिला, म्हणून ते बाद. साधी तांबी, दहा वर्षं चालणारी, पण मीनलला पाळीत आधीच जास्त जातं. राहिली ती हार्मोनवाली तांबी, पाच वर्षांची, काढली की गर्भधारणेची क्षमता लगेच परत येते. सुरुवातीचे तीन ते सहा महिने मधूनच डाग पडतात, हे आधीच सांगितलेलं बरं. कारण परक्या गावात, एकटीनं, ते अचानक दिसलं की बाई हादरते.

तिनं तीच निवडली. निघायच्या सहा आठवडे आधी बसवली, म्हणजे पुढच्या पाळीनंतरची तपासणी नागपुरातच होईल.

बसवायच्या दिवशी सोबत कोणीतरी हवं होतं, तेव्हा आईला सांगणं भाग पडलं. मीनलनं ते काम माझ्यावर ढकललं. मी ‘तांबी’ हा शब्द उच्चारला आणि काकू लेकीकडे वळल्या. “एवढंच होतं तं मला काऊन नाही सांगितलं गं? तू दीड वर्षाची असताना मीही डागा हॉस्पिटलात जाऊन बसवून आली होती. तुझ्या आजीला तेव्हा कुठं सांगितलं होतं म्हणा.”

यादीतला ‘गो. १३’ खोडून तिथं काकूंनीच ‘चिवडा २ किलो’ लिहिलं.