लंडनमध्ये सहा दिवस फिरायचं आहे, प्रवासाचा कोणता पास आधी काढून ठेवावा?

तुम्ही दोघं, 8 आणि 12 वर्षांची मुलं आणि सासूबाई असे पाच जण लंडनच्या हॅरो भागात नणंदेकडे उतरणार आहात, आणि एजंट म्हणतोय की ट्रॅव्हलकार्ड, म्हणजे ठरावीक दिवसांचा पास, आणि हीथ्रो एक्स्प्रेसची तिकिटं मुंबईतूनच घेऊन ठेवा. मी हॅरोतच राहते, त्यामुळे अगदी ठामपणे सांगते: दोन्ही घेऊ नका.

लंडनला पासाची गरज उरलेली नाही. मोठ्या माणसाने आपलं बँकेचं कार्ड स्टेशनच्या गेटवर किंवा बसमध्ये टॅप करायचं, बस्स. दिवसभरात कितीही फिरलात तरी ठरावीक रकमेपुढे पैसे कापले जात नाहीत. भाड्यासाठी लंडनचे झोन, म्हणजे मध्यापासून बाहेर मोजलेले पट्टे, पाडलेत. 2025 च्या दरांप्रमाणे झोन 1 ते 2 साठी ही मर्यादा 8.90 पौंड आहे आणि हॅरो धरून झोन 1 ते 5 साठी 15.30 पौंड. दिवस पहाटे साडेचारपासून मोजतात. आठवड्याचीही अशीच मर्यादा असते, साधारण पाच दिवसांच्या मर्यादेएवढी, पण ती सोमवार ते रविवार अशीच मोजली जाते. बुधवारी येऊन पुढच्या सोमवारी परतणार असाल तर तिचा उपयोग होणार नाही. तारखा अजून हातात असतील तर सोमवारी पोचायचं बघा.

हे सगळं चालण्यासाठी एकच अट आहे: एका माणसाचं एकच कार्ड, आणि दिवसभर तेच. सकाळी कार्ड आणि दुपारी त्याच खात्याचा फोन टॅप केलात, तर यंत्रणेच्या लेखी ती दोन वेगळी माणसं होतात आणि दोघांच्या मर्यादा वेगळ्या चालतात. नवऱ्याच्या कार्डावर दोघांनी जायचं, हेही जमत नाही. निघण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार आणि कॉन्टॅक्टलेस अशा दोन्ही सोयी सुरू करा. रिझर्व्ह बँकेच्या 2020 च्या नियमामुळे नव्या कार्डांवर त्या मुळात बंद असतात आणि माणसं इथे गेटवर येऊन अडकतात. कार्ड व्हिसा, मास्टरकार्ड किंवा अमेक्स असू दे. परदेशी चलनाचा अधिभार न लावणारं कार्ड असेल तर उत्तमच, कारण काही कार्डांवर तो तीन-साडेतीन टक्के असतो.

आता विमानतळ. हीथ्रो एक्स्प्रेस ही ट्रेन मध्य लंडनमधल्या पॅडिंग्टन स्टेशनला जाते, मोठ्या माणसामागे 25 पौंडांच्या आसपास घेते, आणि ती वर सांगितलेल्या मर्यादेत धरलीच जात नाही. शिवाय तिथून तुम्हाला पुन्हा हॅरोला उलटं यायचं! तुमच्यासाठी एसएल9 ही बस आहे. ती टर्मिनल 2 आणि 3 जवळच्या बसस्थानकातून सुटते आणि थेट हॅरोला आणते. भाडं 1.75 पौंड. विमान 4 किंवा 5 नंबरच्या टर्मिनलला उतरलं तर तिथून 2-3 ला ट्रेनने फुकट जाता येतं. बॅगा खूप असतील तर नणंदेला गाडी घेऊन बोलवा, त्यात कमीपणा नाही. पण सुटसुटीत सामान असेल तर या बसपुढे दुसरं काही नाही.

बसमध्ये बसण्याआधी तिथल्याच ट्यूबच्या, म्हणजे भुयारी रेल्वेच्या, स्टेशनवर बारा वर्षांच्या मुलासाठी ऑयस्टर कार्ड, म्हणजे आधी पैसे भरून वापरायचं प्रवासाचं कार्ड, घ्या आणि कर्मचाऱ्याला ‘यंग व्हिजिटर’ सवलत लावायला सांगा. मूल सोबत हवं. 11 ते 15 वयाला चौदा दिवसांपर्यंत भाडं आणि मर्यादा दोन्ही निम्मी होतात. त्याच्या हातात बँकेचं कार्ड दिलंत तर मोठ्यांचं भाडं कापलं जाईल. आठ वर्षांच्या मुलाचं काहीच काढायचं नाही, ते तुमच्याबरोबर बस आणि ट्यूबमध्ये फुकट. ऑयस्टरच्या कार्डाची किंमत परत मिळत नाही, म्हणून मोठ्यांनी ते घेत बसू नये.

खरी बचत मात्र शहरात फिरताना होते आणि ती बसमुळे होते. बसचं भाडं लंडनभर एकच, 1.75 पौंड, आणि पहिल्या टॅपपासून तासाभरात कितीही बसगाड्या बदला, पुन्हा पैसे नाहीत. दिवसभर फक्त बसने फिरलात तर 5.25 पौंडांवर थांबतं. म्हणून सकाळी एकदा ट्रेनने आत जायचं, दिवसभर बस, रात्री ट्रेनने परत. 15 नंबरची बस ट्रफाल्गर चौकातून सेंट पॉल्स कॅथीड्रलवरून टॉवर ऑफ लंडनपर्यंत नेते. पर्यटकांच्या बसला माणशी कितीतरी पट मोजून हाच रस्ता दिसतो. वरच्या मजल्यावर अगदी पुढे बसा, मुलांना ते फार आवडतं. बसमध्ये रोख चालत नाही, आणि टॅप फक्त चढताना. ट्रेनला मात्र उतरतानाही टॅप हवंच, नाहीतर कमाल भाडं कापतात.

सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेसहा ते साडेनऊ आणि संध्याकाळी चार ते सात ट्यूब महाग असते. साडेनऊनंतर निघा, जेवून सातनंतर परता. आणि नकाशा बघून एका स्टेशनासाठी ट्यूब पकडू नका. लेस्टर स्क्वेअर ते कॉव्हेंट गार्डन हे अंतर जेमतेम 260 मीटर आहे, तरी भाडं झोन 1 चं पूर्ण!

डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1921-22 मध्ये राहिलेलं किंग हेन्रीज रोडवरचं 10 नंबरचं घर तुमच्या यादीत नाही, ते जरूर घाला. महाराष्ट्र सरकारने 2015 मध्ये ते विकत घेतलं. हॅरोहून मेट्रोपॉलिटन लाइनने फिंचली रोडला उतरा. ते झोन 2 मध्ये आहे, म्हणजे झोन 1 चं भाडं लागत नाही. तिथून स्विस कॉटेजपर्यंत चालत आणि पुढे 31 नंबरची बस. घर पाहून झालं की त्याच बसने कॅम्डन, आणि कॅम्डनहून 24 नंबर थेट ट्रफाल्गर चौक आणि संसदेपर्यंत.

सासूबाई तुमच्या मागे तीन महिने थांबणार आहेत, असंही तुम्ही लिहिलंय. ज्येष्ठांचा मोफत प्रवास फक्त इथल्या रहिवाशांना आहे. पण साठीपुढच्या कोणालाही सीनियर रेलकार्ड घेता येतं, वर्षाचे 35 पौंड. त्यांच्यासाठी मात्र ऑयस्टर घ्या आणि स्टेशनवर ते रेलकार्ड त्याला जोडून मागा. मग गर्दीच्या वेळा सोडून ट्यूबचं भाडं एक तृतीयांश कमी. लांबच्या रेल्वेलाही तेच कार्ड चालतं, म्हणजे लेकीबरोबर त्यांना बाथ किंवा ऑक्सफर्डही स्वस्तात बघता येईल. कोणाला भेटायला स्लॉ किंवा रेडिंगला गेल्या, तर तिथे ऑयस्टर चालत नाही. त्या दिवशी बँकेचं कार्ड टॅप करा, किंवा रेलकार्ड दाखवून तिकीट काढा.