बर्फाचा डबा उचलायला ये

अगं,

तुझं पत्र मिळालं. तुला माझ्यासारखं खेळाडूंची फिजिओथेरपिस्ट व्हायचंय. ‘मला टीमसोबत फिरायचंय’ हे त्यात तीनदा आलंय, म्हणून आधी तेच. टीव्हीवर फिजिओ मैदानात धावत जाताना दिसतो, ते दोन मिनिटांचं काम. बाकीचं एका खोलीत, एकाच गुडघ्याशी, महिनोन्‌महिने चालतं.

एका जिल्हा कबड्डी स्पर्धेत चढाईला गेलेला पोरगा मध्यरेषेकडे वळला, पाऊल मॅटवर रुतलं आणि गुडघा फिरला. ‘कट्‌ वाजलं,’ म्हणाला. दोन तासांत गुडघा टम्म. मी तो जेमतेम 20-30 अंशांत वाकवला, एका हातानं मांडी धरली, दुसऱ्यानं नडगी पुढे ओढली. धडधाकट गुडघ्यात ती एका जागी खटकन अडते. इथे अडलीच नाही. एसीएल, म्हणजे नडगीला पुढे सरकू न देणारा गुडघ्यातला अस्थिबंध, तुटला होता. एमआरआयनं नंतर शिक्का मारला इतकंच.

ऑपरेशन झालं आणि माझे नऊ महिने सुरू झाले. पहिले पंधरा दिवस तर गुडघा पूर्ण सरळ करणं आणि मांडीचा पुढचा स्नायू जागा करणं, एवढंच. सहाव्या महिन्यात पोरगा मस्त धावायला लागला. लगेच प्रशिक्षकांचा फोन: ‘मॅडम, निवड चाचणी आहे, सोडा की आता.’ एका पायावरच्या उडीत ऑपरेशनचा पाय दुसऱ्याच्या 75 टक्क्यांवर होता. मला निदान 90 हवे होते. मी ‘नाही’ म्हणाले. पोरगा दोन आठवडे माझ्याशी धड बोलला नाही. सगळ्यांना आपण आवडावं असं तुला फार वाटत असेल, तर या कामात तुझे हाल होतील.

शिक्षणाचं म्हणशील तर माझ्या वेळी बीपीटी, म्हणजे फिजिओथेरपीची पदवी, साडेचार वर्षांची होती, आता आराखडा बदलतोय, तेव्हा प्रवेशाआधी नियम स्वतः वाच. खेळांचं खरं शिक्षण पुढे एमपीटीत, म्हणजे पदव्युत्तर पदवीत. तोवर अर्धांगवायूचे आजोबा आणि खांदा आखडलेल्या काकू येतील. कंटाळू नकोस, हात तिथेच बसतो. सुरुवातीचा पगार तुटपुंजा असतो, हे घरी आत्ताच सांगून ठेव.

आणि हो, खेळाडूला सर्दीची गोळीसुद्धा परस्पर देऊ नये. तिच्यातलं नाक मोकळं करणारं स्यूडोएफेड्रिन स्पर्धेच्या वेळी डोपिंग चाचणीत त्याला अडकवू शकतं.

तू खो-खो खेळतेस. खांबावर सूर मारताना खांदा कसा बोलतो हे तुला ठाऊक आहे, ते वर्गात शिकवता येत नाही.

दिवाळीनंतर स्पर्धा सुरू होतील. एक अख्खा दिवस माझ्याजवळ बस. बर्फाचा डबा उचलायला माणूस हवंच आहे. जेवायला चार वाजतात, पोळी-भाजी बांधून आण.

तुझी,
ताई